गैरहजर मुलांसाठी प्रार्थना

संस्थेच्या वर्गात दहाच खुर्च्या होत्या. जागा पुष्कळ होती, पण शिकवणाऱ्या बाईंचं म्हणणं असं की एका वेळी दहाच तोंडांवर नजर ठेवता येते, अकरावं सुटतं. कान शाबूत पण तोंडातून शब्द फुटत नाही अशा मुलांना त्या बोलायला शिकवत. प्रत्येक खुर्चीपुढे एक छोटा आरसा आणि दोऱ्याला टांगलेली कागदाची पट्टी. ‘प’ जमला की पट्टी हलते. सहा वर्षं उलटलेलं मूल नवीन घ्यायचं नाही, हा नियम.

माझी लेक साडेचार वर्षांची. मला ती बोटानं बोलावायची, दंडाला टोचून. सासूबाई म्हणायच्या, “पोटात असताना तू पुस्तकं फार वाचलीस. पोरीलाही मनातल्या मनात वाचायची सवय लागली.” वर हसायच्या. मीही हसायचे, आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडायचे.

प्रतीक्षायादीत तिचा पहिला नंबर होता. आठ महिने तो पहिलाच होता. मी शिकलेली म्हणून मोठ्या सिस्टरांनी हजेरीची वही सांभाळाल का, असं विचारलं. मी लगेच हो म्हटलं. सेवाबिवा काही नाही. समोर दिसत राहिलं की आपला नंबर कुणी विसरत नाही, एवढंच. लेक माझ्याबरोबर यायची आणि वर्गाच्या काचेच्या दाराला नाक लावून उभी राहायची.

सकाळी आधी प्रार्थना. मुलं, बाई, बाकावरच्या आया, सगळे उभे. सिस्टर आलेल्यांसाठी आभार मानत आणि मग माझ्याकडे मान वळवत. मी गैरहजर मुलांची नावं वाचायची. प्रत्येक नावानंतर त्या विचारत, “काही कळलं का कुणाला?” कुणी सांगे ताप आहे, कुणी सांगे मामाकडे गेलाय. मग सिस्टर डोळे मिटून म्हणत, “प्रभू, हे लेकरू जिथे असेल तिथे त्याला सांभाळ.” निरोप आला की मी नावापुढे खूण करायची आणि ती खुर्ची कितीही दिवस राखून ठेवत. निरोपाशिवाय सलग पंधरा दिवस गेले, की यादीतलं पुढचं मूल आत.

भिंगरी यायची बंद झाली तेव्हा ती पाच वर्षं आठ महिन्यांची होती. तिच्या जन्माची तारीख माझ्याच अक्षरात वहीत होती. स्वतःभोवती गरगर फिरायची म्हणून हे नाव तिला बाकावरच्या बायकांनी ठेवलेलं. तिची आई चौकात कपड्यांना इस्त्री करायची.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी औषधाच्या दुकानात ती मला भेटली. हातात गुलाबी औषधाची बाटली.

“ताई, बरं झालं बाई भेटलात! पोरीला कांजिण्या आल्यात. घरमालक म्हणतो, माझ्या नातवंडांना लागेल, आधी हलवा तिला. म्हणून बहिणीकडे जाऊन राहिलोय, पार नदीपलीकडे. फोन नवऱ्याकडे असतो आणि त्याला तो लावायचं सुचेल तर शपथ! तुम्ही रोज जाताच. सिस्टरांना तेवढं सांगाल?”

“सांगते की. तुम्ही काळजी करू नका.”

“तुम्ही सांगितलंत म्हणजे झालंच.”

दुसऱ्या दिवशी मी खरंच विसरले. लेकीला सर्दी होती, रात्रभर जागरण झालं होतं. प्रार्थनेत भिंगरीचं नाव मी वाचलं, सिस्टरांनी विचारलं, आणि मला आठवलं तेव्हा त्या पुढच्या नावावर गेल्या होत्या. उद्या सांगू, म्हटलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी नाव वाचताना बोट वहीवर डावीकडून उजवीकडे सरकलं आणि मी तिच्या नावापुढचे रिकामे चौकोन मोजले. पाच. पाचाचे पंधरा व्हायला दहा लागतात. हे गणित मी मुद्दाम केलं नाही. पण ते झालं, आणि मी गप्प राहिले.

मग रोज. “काही कळलं का कुणाला?” मी खाली बघायचे. माझ्या शेजारी एका ड्रायव्हरची बायको उभी असायची, बडबडी. “आमचं कार्टं बोलायला लागलं की पहिलं काय म्हणेल सांगू? आई, आता तू गप्प बस!” सगळ्या हसायच्या, मीही. भिंगरीच्या बापाला ऑफिसातून दोनदा फोन लावला, बंद लागला. शिपाई घरी जाऊन आला, कुलूप; चौकात इस्त्रीचं टेबलही नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, “गाव सोडून गेले की काय?” आणि त्या दिवशी भिंगरीसाठी जरा जास्त वेळ डोळे मिटून उभ्या राहिल्या. मीही मिटले होते.

मी स्वतःला काय काय सांगितलं! की आज सांगते. की तिनंच दुसरा निरोप पाठवायला हवा होता. की माझी लेक अजून लहान आहे, तिला पुढची खुर्ची मिळेल, म्हणून सांगूनच टाकते. हे शेवटचं खरं होतं, आणि तेच मी सगळ्यात लवकर बाजूला सारायचे.

सोळाव्या दिवशी लेक खुर्चीवर बसली. आठवड्याभरात तिनं पट्टी हलवली. मी काचेतून पाहिलं. तिनं आरशात बघितलं, मग मागे वळून मला शोधलं.

त्यानंतर दोन दिवसांनी इस्त्रीवाली आली. भिंगरीच्या गालांवर कांजिण्यांचे डाग होते, केसांना भरपूर तेल. आईचा हात सोडून ती थेट वर्गात शिरली आणि आपल्या खुर्चीपाशी उभी राहिली. तिथे माझी लेक होती. भिंगरीनं तिला ढकललं नाही. खुर्चीची पाठ धरून ती नुसती वाट बघत राहिली.

सिस्टरांनी आम्हा दोघींना ऑफिसात बोलावलं.

“मी निरोप दिला होता सिस्टर,” इस्त्रीवाली म्हणाली.

“कुणाकडे?”

“ह्यांच्याकडे. सांगा ना ताई.” तिच्या आवाजात राग नव्हता. कुठेतरी लिहायचं राहिलं असेल, मी सांगितलं की मिटेल, असं तिला वाटत होतं.

“हो,” मी म्हटलं. “माझ्याकडे दिला होता.”

“विसरलात?” सिस्टरांनी विचारलं. त्यांनी मला वाट करून दिली होती.

“पहिल्या दिवशी विसरले. नंतर नाही.”

सिस्टर मग म्हणाल्या, “मी रोज विचारत होते.”

“हो.”

“आता कळलं ना?” इस्त्रीवाली मध्येच म्हणाली. “मग बसवा माझ्या पोरीला. तिची शाळा बुडतेय.”

बाई दारात आल्या होत्या. मी त्यांना विचारलं, अकरावी खुर्ची नाही का ठेवता येणार? त्या म्हणाल्या, “दहांनाच मी पुरत नाही. अकरा ठेवल्या तर अकराही मुलं मुकी राहतील.”

सिस्टर माझ्याकडे वळल्या. “चालू वर्गातून मूल मी उठवत नाही. आईनं केलेलं मुलीच्या अंगावर टाकणार नाही. पण तुम्ही स्वतःहून सोडलीत, तर खुर्ची हिची. तुमची परत पहिल्या नंबरावर. आता खुर्ची रिकामी व्हायला वर्ष तरी लागेल, तुम्हाला माहीत आहे.”

मला माहीत होतं. वर्षानं माझी लेक साडेपाचची असणार होती. वर्षानं भिंगरीला सहा वर्षं आठ महिने. त्या खोलीत हे सगळ्यांना कळत होतं, आणि तिघीही माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

वर्षभर पुन्हा दंडाला टोचणारं बोट. वर्षभर सासूबाईंचं हसणं. आणि वर्षानं पट्टी हलली नाही तर?

“माझी मुलगी राहील,” मी म्हटलं.

इस्त्रीवालीला क्षणभर कळलंच नाही. तिनं सिस्टरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “तुझ्यापाशी वेळ होता गं,” ती म्हणाली. “माझ्या पोरीपाशी नव्हता.” आजवर ती मला ताई म्हणायची, अहोजाहो करायची.

वर्गात भिंगरी खुर्ची सोडेना. आईनं तिची बोटं एकेक करून सोडवली. तिच्या तोंडून आवाज निघाला, लांबच लांब, ज्यात एकही अक्षर नव्हतं. बाईंनी वर्गाचं दार लावून घेतलं.

सिस्टरांनी हात पुढे केला. मी वही दिली. “मुलीला रोज आणा,” त्या म्हणाल्या, “फाटकापर्यंत. आत येऊ नका.”

मी बरं म्हटलं. मैदान ओलांडून फाटकाकडे चालताना मला हलकं वाटत होतं. एवढ्यावर सुटले, असं वाटत होतं. हे मी लेकीच्या बापालाही सांगितलेलं नाही.