आवाज क्रमांक सत्तावीस

साइटवर एकूण तेवीस पानं होती. अडतीस आवाज, एकसष्ट फोटो आणि हाताने काढून स्कॅन केलेला एक नकाशा. अभिप्राय चारशे बारा, पण त्यांतले तीनशे ऐंशी गोळ्या-औषधांच्या आणि जुगाराच्या परदेशी जाहिराती. पहिल्या पानाच्या तळाशी आलेल्या-गेलेल्यांचा आकडा दिसायचा, तो नऊ हजार एकशे सहा.

अनिल गोजरने हे सगळं मुरबाडच्या सायबर कॅफेत बसून मोजलं, कारण साइटला इंटरनेटवर फुकट जागा देणाऱ्या कंपनीची मेल आली होती. ऑक्टोबर २००९ संपला की सगळी पानं कायमची बंद होणार, ज्याने त्याने आपलं काय असेल ते उतरवून घ्यावं. अनिलने उतरवून घेतलं. दहा वर्षांचं काम एका सीडीवर मावलं आणि सीडी बरीचशी रिकामीच राहिली. वाईट वाटायला हवं होतं, पण तसं काही झालं नाही. सीडी खिशात टाकून तो एमआयडीसीतल्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत सेकंड शिफ्टला गेला आणि नेहमीसारखी नमुन्यांची आम्लता तपासत बसला.

साइटचं नाव होतं ‘रानातले आवाज’. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला अनिलला नाद लागला तो किड्यांचा. दिसणाऱ्या नव्हे, ऐकू येणाऱ्या. शेणव्याच्या पुढे ठाकरवाडीत जैतू म्हणून त्याच्याच वयाचा एक जण राहायचा. त्याला सोबत घेऊन, बुशचा कॅसेट रेकॉर्डर पोटाशी धरून तो संध्याकाळी रानात उभा राही. वाडीतल्या बाया हसायच्या. “जैतू, तुजा किड्यांचा पाव्हना आला रे!” जैतू म्हणायचा, “पाव्हना बरा हाय. जेवाय मागत नाय, नुसता ऐकतो.”

साइटवर जागा थोडी मिळायची, म्हणून आवाजाच्या फाइली दाबून लहान कराव्या लागत. कल्याणच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये बसून अनिलने अडतीसही आवाज असे लहान केले. त्यात चार हजार हर्ट्झच्या वरचं, म्हणजे आवाजातलं सगळं बारीक, टोकदार असं जे असतं ते, कापलं जातं हे त्याला ठाऊक होतं. फिजिक्सच शिकला होता तो. पण ऐकणाऱ्याला काय कळतंय, असा त्याने विचार केला.

पहिली तीन-चार वर्षं बरी गेली. नाशिकहून एका निवृत्त मास्तरांनी लिहिलं, सातव्या आवाजाने लहानपणीचं अंगण आठवलं. दुबईत वेल्डिंग करणाऱ्या एका किन्हवलीच्या माणसाने लिहिलं, जेवताना लावतो. मग हळूहळू लोक यायचे थांबले. भांडण नाही, तक्रार नाही, ते दुसरीकडे जाऊन बसले इतकंच. साइटवरचं मराठी ज्या फॉन्टमध्ये टाइप केलं होतं तो नव्या कॉम्प्युटरांवर नसायचा, त्यामुळे मजकुराच्या जागी नुसता चिन्हांचा चिवडा दिसे. शोधणाऱ्याला साइट सापडेना, सापडली तर वाचता येईना. अनिलने पाच पानं नव्या पद्धतीने पुन्हा टाइप केली, बाकीची राहिली.

शाम हा त्याचा कॉलेजचा मित्र. त्याने ऑर्कुटवर माळशेज घाटाची कम्युनिटी काढली होती, तिच्यात धबधब्याखाली भिजणाऱ्या पोरांचे फोटो असत. तीन महिन्यांत चार हजार मेंबर.

“तू पन कम्युनिटी काढ ना,” शाम म्हणाला. “साइटवर कोन जातो आता?”

“किड्यांची कम्युनिटी?”

“मग काय झाला? हितं नवरे नकोत म्हननाऱ्या बायकांची पन कम्युनिटी हाय. त्यांच्यापेक्षा तुजे किडे कमीच किरकिरतील.”

अनिल हसला. कम्युनिटी काढली नाही, आणि साइटवरही नवं काही चढवलं नाही.

सीडी करून आठवडा झाला असेल, तेव्हा बंगळूरहून एक मेल आली. लिहिणाऱ्या बाई कीटकांच्या आवाजांवर संशोधन करत होत्या. बंद होणाऱ्या साइटी चाळताना त्यांना ‘रानातले आवाज’ सापडली होती. आवाज क्रमांक सत्तावीस त्यांनी पुन्हा पुन्हा ऐकला होता. त्याची लय त्यांच्याकडच्या कुठल्याच नोंदीशी जुळत नव्हती. कदाचित ही जात आजवर कुणी नोंदवलेली नसेल, असं त्यांनी सावधपणे लिहिलं होतं. पण साइटवरच्या फाइलीत चार हजारांच्या वर काहीच नाही आणि या कुळातल्या जाती वेगळ्या काढायच्या तर नेमका तोच भाग लागतो. मूळ कॅसेट असेल तर पाठवाल का? थोडा तुकडा असला तरी चालेल. नसेल, तर या आवाजाबद्दल काहीच म्हणता येणार नाही.

घरी येऊन अनिलने माळ्यावरचं खोकं उतरवलं. त्यात चार्जर होते, तुटका टेबलफॅन होता. कॅसेट नव्हत्या.

“आई, माझ्या कॅसेटी कुठे गेल्या?”

“कंच्या कॅसेटी?”

“किड्यांच्या. चार होत्या.”

आई तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं नाही. “तूच नाय का दिल्यास धोंडीबाईला? अंजूच्या लग्नात.”

आणि त्याला आठवलं. सहा वर्षांपूर्वी बहिणीचं, अंजूचं लग्न. हळदीला धोंडीबाई धवले गायला आली होती. पंचक्रोशीत लग्न म्हटलं की ही धवलारीण हवीच. तिची गाणी टेप करायची असं बायकांच्या मनात आलं आणि ऐन वेळी कोरी कॅसेट मिळेना. तेव्हा अनिलनेच खोकं पुढे केलं होतं. “ह्या घ्या. हे सगळं आता नेटवर आहे, कॅसेटींचं काही काम नाही.” मांडवात सगळ्यांना त्याचं कौतुक वाटलं होतं.

कॅसेटींवर आता गाणीच असणार, म्हणून आधी तो शेणव्याला गेला. किडा अजून तिथे असेल तर नव्याने टेप करता येईल, हा हिशेब. जैतूचे केस पुढून गेले होते. सत्ताविसावा आवाज टेप केला होता त्या जागी तो अनिलला घेऊन गेला. तिथे आता कुणाचं तरी फार्महाउस होतं. पुरुषभर उंच भिंत आणि भिंतीवर ओळीने दिवे.

“इथंच ना रे?”

“हितंच. झाडा तोडली, मंग भित घातली.”

“तो किडा अजून वाजतो का?”

जैतूने डोकं खाजवलं. “कुनास ठाव. मी नाय ऐकत आता. घरी टीवी लागते.”

दोघं अंधार पडेपर्यंत भिंतीपाशी उभे राहिले. दिवे लागले. आत पाण्याचा पंप सुरू होता. वॉचमनने येऊन कुणाचे तुम्ही म्हणून विचारलं, तेव्हा जैतू म्हणाला, “हितलेच,” आणि दोघं परत फिरले.

मग राहिली धोंडीबाई. ती सरळगावच्या अलीकडे लेकीकडे राहत होती. आवाज बसला होता, पण जीभ तशीच होती.

“कॅसेटी? हाव. दोन पोरांनी उसवल्या, पतंगाला बांधल्या. एक जावयाने नेली ती नेलीच. जावय आनि कॅसेट, परत येत नाय. एक हाय.”

“कुठली?”

“माला काय ठाव कुठली? वाजते ती.” तिने नातीला हाक मारली. “गो राही, आन ती कॅसेट.”

कॅसेटवर अनिलच्याच अक्षरात ‘दोन’ लिहिलेलं होतं. अनिलला सत्ताविसावा आवाज नीट आठवत होता. तो दुसऱ्या कॅसेटच्या मागच्या बाजूला, अगदी शेवटी होता. किडा वाजत असतानाच पट्टी संपली होती आणि रेकॉर्डरचं बटण खटकन वर आलं होतं.

“मावशी, मागच्या बाजूला पूर्ण गाणी आहेत?”

“पूर्न म्हंजे काय, तेल चढवन्यापासून पार न्हान्यापरत हाय. शेवटाला तुजे किडे वाजतात जरासे.”

“वाजतात?”

“वाजतात म्हंजे! गाना संपला का पोरा वाट बघतात. किर्र झाला का समदी नाचतात त्याच्यावर. लग्नाघरी लावतो ना आमी. माजा गला गेला, आता हीच गाते माज्या जागी.” तिने कॅसेट हातात घेऊन फिरवली. “तुला कशाला पायजे?”

अनिलने सांगितलं. बंगळूरच्या बाई, जात, वरचा सूर. धोंडीबाईने सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजे त्या बाईला माजी गानी नकोत.”

“नाही, मावशी. किडा हवाय.”

“बरा हाय,” ती म्हणाली. “घेऊन जा. पन परवा वैशाखरे गावाला हळद हाय, त्याच्या आत आनून दे. नायतर तू ये आनि गा.”

त्या रात्री घरी जेवण झाल्यावर अनिलने टेपरेकॉर्डरची वायर कारखान्यातल्या मित्राकडून मागून आणलेल्या लॅपटॉपला जोडली. या वेळी काही दाबलं नाही, काही कापलं नाही. न्हाण्याचं गाणं संपलं. एक बाई हसली, कुणीतरी “बंद कर गो” म्हणालं, आणि किडा सुरू झाला. पट्टी बरीच झिजली होती, तिची खरखर आवाजात मिसळत होती. बटण खटकन वर आलं तेव्हा अनिलने दोन्ही बाजूंना खूण करून तेवढाच तुकडा वेगळा काढला. सीडीवरची जुनी फाइल त्याच्या खाली ठेवली आणि दोन्हींचे ठोके एकाखाली एक जुळवले. ते शेवटपर्यंत जुळले.

मग कुठल्या हर्ट्झला आवाज किती वर येतो, याचा त्याने आलेख काढला. आई आतून म्हणाली, “झोप रे आता, सकाळची पाळी हाय ना.” साइट आदल्या दिवशीच बंद झाली होती, ते त्याने पाहिलं नव्हतं. त्याने मेल उघडली, तुकडा आणि आलेख जोडला, आणि खाली लिहिलं:

लांबी एकोणीस सेकंद. खालचा उंचवटा ३४०० हर्ट्झ. वरचा उंचवटा ६८०० हर्ट्झ, खरखरीपेक्षा चार डेसिबलने वर.