सागरकोटची पावणी

किशोरी तारी देवगडच्या बंदरावर मासळीचा लिलाव पुकारायची. तिच्या आवाजाबद्दल एवढंच सांगतो की सुरमईचा भाव खाडीपलीकडच्या माणसाला घरबसल्या कळायचा. आठवड्याचे सहा दिवस हे काम. रविवारी दुपारी मात्र जामसंड्याच्या घरी, माजघरातल्या चटईवर, ती दुसरंच एक बंदर चालवायची.

त्या बंदराचं नाव सागरकोट. किशोरीने स्वतः काढलेला नकाशा सोडला तर ते कुठेच नव्हतं. ती गोष्ट सांगायची आणि बाकीचे तिघे त्या गोष्टीतली माणसं व्हायचे. तिचा धाकटा भाऊ निलेश तलवारबाज, शाळेत शिकवणारी दिव्या जादूगारीण आणि बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा समर्थ चोर. समोर राक्षस आला की वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि पडेल ते दान मुकाट्याने भोगायचं. चार वर्षं हे चाललं होतं. शेजारणी म्हणायच्या, एवढी मोठी घोडी झाली आणि अजून भातुकली सुटत नाही. म्हणेनात का!

कारण त्या भातुकलीपायी निलेश दर रविवारी कणकवलीहून घरी यायचा. तिथे तो नोकरीला होता, खोली घेऊन राहायचा. आई गेल्यापासून आणि एका नारळावरून भांडण झाल्यापासून त्याचं आणि वडिलांचं, आबांचं, बोलणं 'जेवलात?' आणि 'जेवलंय' एवढ्यावर आलं होतं. तो आबांसाठी येत नाही, आपल्यासाठीही येत नाही, सागरकोटसाठी येतो, हे किशोरीला पक्कं ठाऊक होतं. तिची काही तक्रार नव्हती. पोरगा घरात जेवतो, आबा ओटीवर बसून आतला त्याचा आवाज ऐकतात, बस झालं.

आणि मग सागरकोट बुडालं. वादळाने नव्हे, स्वस्ताईने.

चूक किशोरीचीच. तिने खेळात जादूच्या वस्तूंचा बाजार भरवला. आगीची तलवार, पाण्यावर चालणाऱ्या वहाणा, अंगावर घेतली की माणूस दिसेनासा होतो अशी घोंगडी. भाव कसे लावायचे? तिला एकच तऱ्हा ठाऊक. तलवार सकाळी चारशे मोहरा, दुपारी दोनशे, दिवस कलला की चाळीस. आयुष्य बंदरावर गेलेलं, हात आपोआप तसंच लिहून गेला. गंमत म्हणजे तिघांपैकी एकालाही यात काही वावगं वाटलं नाही. तीही बंदरावरचीच पोरं. उरलासुरला बांगडा स्वस्तात मिळेल म्हणून पिशवी घेऊन थांबावं, तशी ती संध्याकाळपर्यंत थांबली, चाळिसाला तलवारी उचलल्या आणि दुसऱ्या सकाळी चारशेला विकल्या.

महिन्याभरात निलेशच्या तलवारबाजाकडे नऊ हजार मोहरा जमल्या आणि खाटेखाली अकरा आगीच्या तलवारी. राजाचे शिपाईसुद्धा त्याच्याकडून तलवार भाड्याने नेऊ लागले. राक्षस बिचारे लांबूनच नमस्कार करून जात.

"ताई," निलेशने एका रविवारी फासा खाली ठेवला, "आता जावचा खंय आणि कित्याक? सगळा आसा माझ्याकडे. मजाच गेली गो. पुढच्या ऐतवारी येतंय, तुझ्या शब्दाखातर. मगे बस झाला."

"मगे घराक कधी येतलस?"

"येतलंय गो. चतुर्थीक येतलंय."

किशोरीने नकाशा गुंडाळून ठेवला. चतुर्थीला काय, सगळं कोकणच घरी येतं.

त्या आठवड्यात तिने नाना उपाय करून पाहिले. राजाकडून जकात बसवली, तलवारींना गंज चढवला, चोर घातले. सगळं लिहिलं आणि सगळं खोडलं. आपल्याच चुकीची शिक्षा भावाला करायची, हे तिला पटेना. बुधवारी दुपारी ती वही घेऊन ओटीवर आली. आबा जाळं सांधत बसले होते. गुडघ्यांमुळे समुद्र सुटला होता, हातांची सवय सुटली नव्हती. तिने सगळं सांगितलं. आबा इतके हसले की सुई हातातून पडली.

"गो बाय, मासळी कुसता म्हणान सांजेक भाव पडता. तुझी तलवार कुसता काय?"

"नाय."

"मगे ती सांजेक स्वस्त कित्याक होतली?"

किशोरीने कपाळावर हात मारला. "बरा, मगे जी वस्तू कुसणा नाय, तिचो भाव करूचो कसो?"

आबांनी नुसतं वर बघितलं. ओटीच्या वाशाला लाल फडक्यात बांधलेला एक नारळ लटकत होता, सुकून खडखडीत झालेला. तीन वर्षांपूर्वी गावदेवीच्या जत्रेत आबांनी तो पावणीत घेतला होता. पावणी म्हणजे देवीपुढे ठेवलेल्या फळांचा लिलाव. पैसे देवीला, वस्तू बोली जिंकणाऱ्याला. तीस रुपयांच्या नारळासाठी आबा पाच हजारांपर्यंत गेले. खिशात आठशे होते. बाकीचे पुढच्या जत्रेपर्यंत थोडे थोडे करून फेडले. पावणीत तशी मुभा असते. निलेश घरी आल्यावर कडाडला होता, घरातला पंखा फिरत नाही आणि पाच हजारांचा नारळ कसला आणता! आबा तेव्हा गप्प बसले आणि गप्पच राहिले.

"आबा, तो नारळ कोणासाठी घेतलात?" किशोरीने आज पहिल्यांदा विचारलं.

"निलेश परीक्षेक बसललो मा त्या वर्साक." आबांनी सुई उचलली. "नोकरी लागांदे म्हणान देवीक गाऱ्हाणा घातलंय."

"मगे तेका सांगलात कित्या नाय?"

"सांगलंय तर म्हणतलो, बापूस उपकार मोजून दाखयता. तू पण सांगू नको."

किशोरीला आबांचा राग आला, भावाचा आला, आणि दोघांची इतकी माया आली की तिथे बसवेना. ती आत गेली आणि वहीचं कोरं पान काढलं. सांगायचं नाही म्हणाले, ठीक आहे, ती सांगणार नव्हती.

रविवारी तिघे चटईवर बसले. निलेशने पिशवी दारापाशीच ठेवली होती, साडेपाचची एसटी गाठायची म्हणून.

"आज सागरकोटात जत्रा आसा," किशोरी म्हणाली. "देवळात पावणी. वस्तू एकच, नारळ."

"तेची जादू काय?" समर्थने विचारलं.

"घेणाऱ्याक कायच उपयोग नाय. दुसऱ्या कोणासाठी घेतलो तरच तो पावता. बोली बोलताना नाव घेवचा, सगळ्या गावासमोर, मोठ्यान."

दिव्याने वीस मोहरा लावल्या, शाळेतल्या एका मुलीच्या नावाने. समर्थ आईसाठी पन्नासवर गेला. निलेश नुसता हसत होता.

"शंभर!" ओटीवरून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. आबा दारात उभे होते, हातात जाळ्याची सुई तशीच. हे किशोरीच्या वहीत नव्हतं.

"आबा, तुमी खेळात नाय," दिव्या म्हणाली. "तुमच्याकडे मोहरा खंय आसत?"

"पावणीत कोणय बोलता. आणि पैसे मागसून दिले तरी चलतत. काय गो किशोरी?"

"चलतत," किशोरी म्हणाली. मग लिलावाच्या आवाजात विचारलं, "कोणासाठी?"

आबा क्षणभर घुटमळले. "निलेशासाठी. गेल्या खेपेसारख्या."

निलेशचं हसू ओठांवरच राहिलं. त्याने आबांकडे पाहिलं, मग त्यांच्या डोक्यावरून ओटीच्या वाशाकडे.

"तो माझ्यासाठी घेतल्यात?"

"परीक्षा होती मा तुझी," आबा म्हणाले, आणि उगाचच सुईतला दोरा ओढत राहिले.

दिव्या फाशाकडे बघत बसली. निलेश चटईवर पुढे सरकला.

"दोनशे," तो म्हणाला. "आबांच्या गुडघ्यांसाठी."

"तीनशे," आबा. "निलेशासाठी."

"हजार. आबांसाठी."

"दोन हजार!"

किशोरीने आजवर किती लिलाव पुकारले असतील, पण भाव वाढताना डोळे पुसायची पाळी तिच्यावर कधी आली नव्हती. निलेशने अकरा तलवारी राजाला फुकट देऊन टाकल्या; त्या असल्या की खेळात मजा राहत नव्हती. पाच हजार झाले, सात झाले. आबा आता आत येऊन चटईच्या कडेला बसले होते, गुडघा दुखत असूनही मांडी घालून. निलेशकडे किती मोहरा आहेत हे ते महिनाभर ओटीवरून ऐकत आले होते.

"नऊ हजार," निलेश म्हणाला. "आबांसाठी. सगळे."

"नऊ हजार एक," आबा शांतपणे म्हणाले.

समर्थ ओरडला, "आबा, जिकांदे मा आता तेका!"

आबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते मुलाकडे बघत होते. दारापाशी पिशवी होती. एसटीची वेळ होत आली होती.

"साडेनऊ हजार," निलेश म्हणाला.

"तुझ्याकडे नऊच आसत," किशोरी म्हणाली. तिचा आवाज खाडीपलीकडे काय, चुलीपर्यंतही पोचला नसता.

"पाचशे पुढच्या ऐतवारी देतंय. चलता मा?"

किशोरीने आबांकडे पाहिलं. आबांनी मान हलवली. पुढची बोली नाही.

"एक वार," ती म्हणाली, "दोन वार," आणि तिसऱ्या वाराला तिला पुकारताच येईना, म्हणून तो आबांनी पुकारला.