वाघोलीच्या फोनमधलं जुनं पान

साडेनऊ वाजले तरी वाघोलीच्या शाळेची टीम आली नाही, तेव्हा स्पृहानं फाटकाकडे पहिली चक्कर मारली. दहाला त्यांचंच नाटक. तिसऱ्या घंटेला टीम हजर नसेल तर स्पर्धेतून बाद. नियम म्हणजे नियम, आणि तो गोपाळकृष्ण काकांचा!

काका एकांकिका स्पर्धेचे चिटणीस आणि स्पृहा त्यांची वेबसाईटवाली. दहावीतली पोरगी, पण तोरा काय! "काका, ग्रुपवर काही टाकायचं नाही, नुसता गोंधळ होतो. सगळं साईटवर," असं तिनंच ठणकावलं होतं. महिन्यापूर्वी काका म्हणाले होते, "तुझी साईट उघडेपर्यंत माझा चहा होतो. पिऊनसुद्धा होतो." झालं, पेटली ना बाई! तिनं साईट साठवणाऱ्या सर्व्हरला एक ओळ लिहून दिली, की साईटवरचं जे जे ब्राउझर एकदा घेऊन जाईल, ते त्यानं वर्षभर स्वतःजवळ ठेवावं, पुन्हा विचारायला येऊ नये. साईट चुटकीसरशी उघडायला लागली. काका "बरं आहे" म्हणाले. नारायण पेठेत याला सत्कार म्हणतात.

काल संध्याकाळी नारायण पेठेतल्या हॉलचं वायरिंग जळलं आणि स्पर्धा हडपसरच्या एका शाळेत हलवली. पेठांतल्या शाळांना तोंडी कळलं. वाघोलीसाठी स्पृहानं साईटवर पत्ता बदलला, लॅपटॉपवर प्रायव्हेट विंडोत, जी दर वेळी पान नव्यानं मागवते, तपासला आणि निवांत झोपली.

आता तिनं मोबाईलवर साईटची लिंक दाबली. पत्ता: नारायण पेठ.

तिला सर्व्हरची ती ओळ आठवली. चित्रं, रंग, अक्षरं वर्षभर ठेवली तर ठीक; तिनं तर अख्खी पानंच ठेवायला सांगितली होती! पत्त्याचं पानसुद्धा! लॅपटॉप उघडून तिनं ती ओळ खोडली. पण उपयोग काय? वाघोलीचे फोन सर्व्हरला विचारायला येणारच नव्हते. विचारू नका असं तिनंच सांगितलं होतं की!

टीमच्या सत्यशीला बाईंना तिनं सात वेळा फोन लावला. उचलेना कुणी. नाटकाच्या दिवशी बाई सगळ्यांचे फोन, स्वतःचासुद्धा, पिशवीत बांधून ठेवायच्या. पोरींचं लक्ष उडतं म्हणून. शेवटी तिनं जुन्या हॉलचे वॉचमन गेनबा यांना फोन लावला.

"हाय की, वाघोलीच्या पोरी हितंच बसल्यात. कुलपाकडं बघत."

"गेनबामामा, पाया पडते, त्यांना हडपसरला पाठवा! बाईंकडे द्या ना फोन!"

बाईंनी ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "अगं, सकाळी निघताना तुझ्याच साईटवर बघितलं गं." तेवढंच. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

नऊ पन्नास. टेम्पोतून सामानासकट यायला पाऊण तास तरी हवा. दोन महिने तालीम केलेल्या चौदा पोरी, नाटक न करताच बाद!

काका घंटेच्या बटणापाशी उभे होते. स्पृहाला बोलता बोलता रडू फुटलं. "काका, त्यांची चूक नाही. पान माझ्यामुळे जुनं राहिलं. मला काढा, त्यांना नका काढू."

"म्हणजे त्यांच्या फोनला वर्षभर नारायण पेठच दिसणार?"

"हो."

"आमची पेठ आवडतेय म्हणायचं लोकांना." काकांनी चष्मा पुसला. "नियम मोडता येणार नाही. घंटा उद्घाटनाच्या भाषणानंतर होते. बरोबर?"

"पण तुम्ही तर दोन मिनिटंच बोलता."

काका रंगमंचावर गेले. "रसिकहो, आज मी वक्तशीरपणा या विषयावर जरा सविस्तर बोलणार आहे."

दहा पंचविसाला प्रेक्षक उघड जांभया देऊ लागले. दहा पस्तिसाला मागून कुणीतरी टाळ्या वाजवून पाहिल्या. काकांनी आभार मानले आणि पुढचा मुद्दा काढला. स्पृहा फाटकात उभी होती, घामानं निथळत, रस्त्यावरचा प्रत्येक टेम्पो मोजत.

दहा सत्तेचाळीसला एक टेम्पो आत वळला. पुठ्ठ्याचं झाड बाहेर डोकावत होतं.

ती धावत विंगेत गेली आणि काकांना हात केला. काकांचा आवाज पार बसला होता.

"थोडक्यात सांगायचं तर," ते म्हणाले, "वेळ पाळा."

आणि पहिली घंटा झाली.