गव्हाणीवरची गादी

पुण्यातली नोकरी सोडून रविराज पारनेरला आला तो म्हणे निसर्गाच्या जवळ राहायला. आल्या आल्या त्यानं आधी गोठ्यातली गाय हाकलली. का, तर जुन्या गोठ्याचं पर्यावरणपूरक घर करायचं होतं.

"वास येतो, आई. लोक घर बघायला येणार. दिवाळीच्या बाजारात कपिलीला विकून टाकू."

त्याची आई, विजयमालावहिनी, शेजारी माझ्याकडं आल्या. गाय आणून त्यांनी आमच्या लिंबाखाली बांधली आणि मला म्हणाल्या, "बाजारापत्तुर तरी ऱ्हाऊ द्या हितं, भावजी." पदरानं डोळे पुसत होत्या. मला त्या पोराचा मनस्वी संताप आला.

घर झालं. पांढऱ्या मातीच्या भिंती, कौलांवर सोलर, खाली शेणानं सारवलेली जमीन. गव्हाणीवर गादी टाकून साहेबांनी बैठक केली. गाईचा खुंटा तेल लावून चकचकीत केला, शोभेला. आणि दिवसभर मोबाईलसमोर उभा राहून जगाला शेणाचे गुण सांगायचा. जसं काही शेण दुकानात मिळतं.

सारवण एकदा केलं की जन्माला पुरतं, असं त्याला वाटलेलं. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी जमिनीचे पोपडे निघाले, तेव्हा पाटी घेऊन माझ्या दारात उभा.

"कारभारीकाका, थोडं शेण मिळेल का?"

"तुझ्याच गाईचं हाय, ने की. पर ती इकल्यावर काय करशील? दर आठ दिसाला पुन्याहून मागवशील व्हय?"

वहिनी कपिलीला वैरण टाकत होत्या. त्यांनी दावं सोडलं.

"कुठं निघालीस, आई?"

"शेन पायजे ना तुला? मंग चल. घिऊनच येते."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गेलो. गादी ओसरीवर पडलेली, गव्हाणीत कडबा, आणि त्या चकचकीत खुंट्याला कपिली. पुण्याचे पाहुणे तिच्याबरोबर फोटो काढत होते.

"गाय हाच आमच्या घराचा पाया," रविराज त्यांना सांगत होता. लाज कशाशी खातात हे त्या पोराला ठाऊकच नाही. "तिला विकायचा विचारसुद्धा आम्ही करू शकत नाही."

एवढं चारचौघांत बोलून बसला, आता बाजाराचं नाव कुठल्या तोंडानं काढणार?

तेवढ्यात कपिलीनं शेपूट वर केलं. पाहुणे मागं सरले. चुलीपुढून वहिनींची हाक आली.

"रविराज, पाटी घे. अन् हातानं भर."