सिमेंटखालचे चेंबर

मित्रांनो, मी एक जुने ड्रेनेजचे चेंबर आहे, नारायण पेठेतल्या एका बोळातले. नाक मुरडू नका. तुमच्या मोरीतले पाणी माझ्याच पोटातून जाते. लाइन माझ्यापाशी वळते आणि पुढचा पाइप अरुंद आहे. गाळ साचतो तो इथेच, म्हणून मला वरचेवर उपसावे लागते.

रस्त्यावर डांबराचा नवा थर पडला की महापालिकेचे गवंडी अमीनचाचा विटा रचून माझे झाकण वर आणत. ते निवृत्त झाले आणि ठेकेदाराने एका सकाळी बोळ सिमेंटचा करून मला झाकणासकट गाडले. बोळ कसा गुळगुळीत झाला, म्हणून सगळ्यांनी कौतुक केले.

पुढे फरहत नावाची इंजिनिअर आली. कोणत्या पाइपातून किती पाणी वाहते, याचे मॉडेल तिला संगणकावर करायचे होते. तिच्या माणसांनी दिसतील तेवढी झाकणे मोजली. मी दिसत नव्हते. वरच्या आणि खालच्या चेंबरमध्ये तिने सरळ रेघ मारली आणि पडद्यावर पाणी झकास वाहू लागले.

इकडे माझ्यातला गाळ घट्ट झाला आणि मुक्ताईंच्या तळमजल्यावरच्या खोलीत घाण पाणी उलटे आले. त्या एकट्या राहत, शिवणकाम करत. लोकांची कापडे भिजली. फरहत पाहायला आली, तेव्हा अमीनचाचाही काठी टेकत आले आणि नेमके माझ्यावर उभे राहिले.

"इथं चेंबर आहे, बेटा. लाइन इथं वळते."

"चाचा, मॉडेलमध्ये इथं काही नाही," फरहत म्हणाली. "नवा रस्ता पुराव्याशिवाय फोडता येत नाही."

"पुरावा म्हणजे मीच की."

ती हसली. वाईट नव्हती हो, पण तिचा पडद्यावर विश्वास होता.

पाणी आणखी चारदा आले. शेवटी मुक्ताई कुलूप लावून भाच्याकडे हिंजवडीला गेल्या. जाताना त्यांनी मोरी घासून लख्ख केली. मला फार वाईट वाटले.

महिन्याभराने फरहतने खरोखरचे पाणी मोजले. ते मॉडेलशी जुळेना. तिने चाचांच्या घरी फोन लावला. सून खातूनने तो घेतला.

"अब्बा मंगळवारी गेले," ती म्हणाली. "शेवटपर्यंत त्या चेंबरचंच बोलत होते."

फोन ठेवून फरहतने बोळात अंदाजाने खडूच्या तीन फुल्या मारल्या. माझ्यावर एकही नव्हती.

मित्रांनो, ज्याच्या हातांना ठाऊक आहे, त्याला तो असेपर्यंत विचारा. मी अजून इथेच आहे आणि मुक्ताईंचे दार बंद आहे.