लेकीचा खांब

नांद्याच्या पलीकडच्या वाडीतलं मठाचं देऊळ कोणी बांधलं, ते छातीठोकपणे कोणी सांगत नाही. म्हातारे पांडवांचं नाव घेतात, शिकलेले यादवांचं. चुना न घालता दगडात दगड बसवलाय आणि आठशे वर्षं तो हललेला नाही, एवढं खरं. मागं गोसाव्यांच्या ओवऱ्या, पुढं सोळा खांबांचा मंडप.

रंभाबाईंचा जीव त्यातल्या एकाच खांबात अडकला होता, डावीकडच्या तिसऱ्या. सासरी निघालेली गावची प्रत्येक लेक त्या खांबाला उजवा तळवा टेकवून ‘येते गं आई’ म्हणायची. आईनं मागून ‘ये बाई’ म्हटलं की मगच हात उचलायचा. किती पिढ्यांचे तळवे लागले कोण जाणे, काळ्या दगडात खळगी पडली होती. सुनांनी मात्र तिथं हात लावायचा नाही. रंभाबाईंचं माहेर मारुंजीचं, म्हणून पंचेचाळीस वर्षं त्या खांबाला वळसा घालूनच गेल्या.

त्यांची गौतमी निघाली तेव्हा त्या मागं पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. ‘ये बाई’ काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. पोर हात टेकवून वाट बघत राहिली. शेवटी बायकांनीच तिला गाडीकडं नेलं.

तीन वर्षांपूर्वी गौतमी तापानं गेली. आपल्याकडं दुःख आवरेनासं झालं की माणूस देवळाला ऑइलपेंट लावतो. रंभाबाईंनीही लावला. अंथरुणात पडल्या पडल्या रंगाऱ्याला बजावलं, “खांब आरशावानी झालं पायजेत. येकबी खड्डा दिसाया नको.” रंगारी हुकमाचा पक्का निघाला. त्यानं खळगी सिमेंटनं बुजवली, वर पिवळा रंग दिला आणि लाल अक्षरांत लिहिलं: ‘कै. गौतमी हिच्या स्मरणार्थ’. गावानं वाहवा केली. रंभाबाईंना चडफडायचीही सोय राहिली नाही, कारण सांगणाऱ्या त्याच होत्या. घरात लेकीचे फोटो होते, साड्या होत्या. त्यांना ती खळगी हवी होती.

वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी किमया हिंजवडीत इमारतींचे नकाशे काढायची आणि रविवारी टेप घेऊन देवळाची मापं घ्यायची. एकदा चहा पिताना ती म्हणाली, “काकू, तो तिसरा खांब एका जागी वेगळा वाजतो. आत काही भरलंय का?”

रंभाबाईंनी रडत रडत सगळं सांगितलं.

“दगडाला धक्का न लावता निघेल ते,” किमया म्हणाली. “पण वर गौतमीताईंचं नाव आहे. ते राहणार नाही.”

चार दिवस रंभाबाई देवळाकडं फिरकल्या नाहीत. नाव खरवडायचं म्हणजे पोरीला दुसऱ्यांदा पोचवायचं, असं त्यांच्या मनात येई. पाचव्या दिवशी त्या देवळाच्या कमिटीतल्या हैबतरावांकडं गेल्या.

“वयनी, दुसऱ्या कुनाच्या पोरीचं नाव हाय का तितं?” हैबतराव म्हणाले. “ऱ्हाऊ द्या की.”

“नाव वाचाया येतंय भावजी. हात ठेवाया येत न्हाई.”

हैबतरावांनी मान डोलावली.

रविवारी सकाळी किमयानं रसायन लावून रंग मऊ केला. नावाचं पहिलं अक्षर रंभाबाईंनी स्वतः खरवडलं, पुढची त्यांच्यानं होईनात. मग किमया बारीक छिन्नीनं सिमेंटचे कपचे उडवत बसली. जेवणवेळेला खळगी मोकळी झाली, आतून जशीच्या तशी गुळगुळीत. कडेला थोडा पिवळा रंग राहिलाच.

रंभाबाईंनी सवयीनं हात पदराखाली घेतला. हैबतराव जवळच उभे होते. त्यांनी दुसरीकडं बघितलं. “ठेवा, वयनी.”

त्यांनी उजवा तळवा टेकवला. दगड गार होता. हात नेमका बसला. गौतमीचे हात आईवरच गेले होते.

“ये, बाई,” रंभाबाई म्हणाल्या, आणि मगच त्यांनी हात उचलला.