बारा वाजायला पाच मिनिटे

ब्रसेल्सच्या सभागृहातले घड्याळ मी थांबवले त्याला पासष्ट वर्षे झाली, आणि बारा वाजायला अजून पाच मिनिटे आहेत.

इथला रिवाजच तसा. ठराव बाराच्या आत व्हायचा. एकमत होईना, तर घड्याळ थांबवायचे. पितळी किल्ली माझ्याकडे. घड्याळ थांबले की दार उघडत नाही आणि आतल्यांचे वय वाढत नाही. तेव्हा टेबलाशी युरोपातले सहा देश होते. मधोमध तांब्याच्या पातेल्यात अणूचा निखारा, संत्र्याएवढा. सहा घरांचा एक विस्तव. तो कसा राखायचा, एवढेच ठरायचे होते.

खिडकीबाहेर माझी सहा वर्षांची एल्के उभी होती.

"आई, वाफल खायला जायचंय ना?"

"पाच मिनिटं, बाळा."

नवा देश यायचा असला की टेबलाच्या काठाला पालवी फुटे, मग फळी, मग खुर्ची. टेबल इतके लांबले की त्या टोकाची साखर या टोकाला यायला एक हिवाळा लागे. एका वसंतात पूर्वेकडचा असाच एक निखारा फुटला आणि त्याची राख इथवर आली. सगळ्यांनी कपावर बशी झाकली. कुणी पाणी ओता म्हणाले, कुणी फुंकर घालत राहिले. पुढे एक फळी आपण होऊन उठून गेली.

शेवटी एकच प्रश्न उरला: निखाऱ्याला हिरवा, म्हणजे निसर्गाला न बाधणारा, म्हणायचे का?

"मला तर लालच दिसतो," जर्मनीच्या बाई म्हणाल्या.

"डोळे बारीक करून बघा," फ्रान्सचे गृहस्थ म्हणाले.

मी घड्याळाच्या शिडीवर बसून गुणगुणले:

सहा घरांचा गं विस्तव, सत्तावीस घरी गेला
वाट बघून बघून, लेकीच्या केसांचा कापूस झाला

एल्के काठी टेकत खिडकीशी आली.

"तू माझ्याहून मोठी दिसतेस गं," मी म्हटले.

"दिसते काय, आहेच. ये, आता मी तुला बोट धरून नेते."

तेवढ्यात ठरले: थोडासा हिरवा, अटींसह. एकमत. अध्यक्ष हळूच म्हणाले, "बाई, घड्याळ सुरू करा. पण सगळी वर्षं एकदम अंगावर येतील."

"येऊ देत. लेक ताटकळलीय."

मी किल्ली फिरवली. पाच मिनिटांत पासष्ट वर्षे, मिनिटाला तेरा. मी शिडी उतरू लागले; पायरीगणिक गुडघा जुना होत गेला. बाहेर एल्केने वाफलचे दोन तुकडे केले.

एक मिनिट उरले असताना टेबलाच्या काठाला पालवी फुटली.

सगळ्यांनी माझ्या हातातल्या किल्लीकडे पाहिले.

मी ती पातेल्यात टाकली. ज्वाळ उठली, हिरवीगार.